धुळीला कमी समजायचं नाय

आमच्या शेजारच्या गाडेकर सरांची स्कूटर कुणी पुसली की सर भडकतात. एकदा आमच्या कामवालीनं चांगुलपणानं फडकं मारलं, तर हा माणूस गालाला दाढीचा फेस तसाच ठेवून अंगणात धावत आला. "धुळीला कमी समजायचं नाय, बाई!"

सर मूळचे पाचोडचे. विद्यापीठात फिजिक्स शिकवतात, अन् जन्मभर संशोधन कशावर, तर धुळीवर! मी म्हटलं, मग आपल्या सिडकोत काय तोटा आहे? रस्त्यावरची पुडीभर नेऊन दिली. सरांनी प्रसादासारखी दोन्ही हातांनी घेतली. "वहिनी, ही चालत नाय. आम्हाला सगळे कण एका मापाचे लागतात. पण राहू द्या." अन् खरंच कपाटात ठेवली.

एकदा त्यांनी मला आणि त्यांच्या बायकोला, मंदाताईंना, प्रयोगशाळा दाखवली. काचेच्या भांड्यात जांभळा उजेड, त्यात धुळीचे कण अधांतरी, शाळेच्या प्रार्थनेला उभे असल्यासारखे रांगेत. सरांनी चुंबक चालू केलं तशा सगळ्या रांगा सावकाश गोल फिरायला लागल्या. मी तर बघतच राहिले. अन् अशा माणसाला गल्लीत आम्ही वेडा म्हणत होतो!

मग सरांनी भांड्यातला वायू कमी कमी केला. कण थरथरले, लाट उठली, वाढतच गेली, अन् रांगांची पार दाणादाण. "बघा, वायू कणांना अडवतो म्हणून ते जाग्यावर राहतात. अडवणारं उरलं नाय, की जराशा हलण्याचं वादळ होतं."

"ऐका!" मंदाताई मला म्हणाल्या. "अन् मी चपला बाहेर काढा म्हटलं की हेच कुरकुरतात."

ते भांडण रोजचं होतं. सर चपला घालून ओल्या फरशीवर येणार, ताई ओरडणार, आख्खी गल्ली ऐकणार.

गेल्या वर्षी ताई गेल्या. मग आम्ही सगळे सरांशी फार जपून वागायला लागलो. ते काहीही बोलोत, आमचं आपलं "व्हय सर, बरोबर सर." अन् सर बिघडतच चालले. दूध गॅसवर विसरायचे, रविवारी विद्यापीठात जाऊन कुलूप बघून परत यायचे, मी दिलेला डबा न उघडता परत आणायचे. मला धास्तीच बसली, हा माणूस आता काही टिकत नाही.

एका सकाळी मी फरशी पुसून उठतेय, तोवर सर भरलेला डबा घेऊन चपलांसकट थेट स्वयंपाकघरात. मागं मातीचे ठसे! माझं डोकंच सटकलं. "सर, डोळे फुटले का? आत्ता पुसलंय ना! आधी बाहेर व्हा, चपला काढा!"

बोलले अन् जीभ चावली. सर गुपचूप बाहेर गेले, चपला काढून नीट जोडीनं ठेवल्या. परत आले तेव्हा डोळे भरले होते.

"लई दिवसांनी कुणी अडवलं, वहिनी."

तिथंच पाटावर बसून त्यांनी तोच डबा उघडला अन् दोन्ही भाकरी खाल्ल्या.

आता माझी फरशी ओली असली की सर हमखास येतात, चपलांसकटच. अन् मी ताईंसारखीच ओरडते, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी.