मान डोलावणारे डॉक्टर

"सिस्टर, मी नसलो तरी असणार! बघाच तुम्ही!"

डॉक्टर वीरभद्रप्पांनी सोलापुरातल्या आपल्या एसी दवाखान्यात, फिरत्या खुर्चीत एक गिरकी घेऊन हे जाहीर केलं आणि महेजबीन सिस्टरच्या हातात एक टॅब ठेवला.

मोडनिंबच्या अलीकडे डांबरी सोडून आत वळलं की चिंचपट्टी लागते. तिथल्या आरोग्य केंद्रात बाळंतपणं महेजबीन करायची. नर्सिंगनंतर तिनं दीड वर्ष फक्त प्रसूतीचं शिक्षण घेतलं होतं आणि आजवर तीनशेच्या वर पोरं सुखरूप जगात आणली होती. डॉक्टरांनी शेवटचं बाळंतपण कॉलेजात असताना पाहिलं होतं, तेही मागच्या रांगेतून! पण आरोग्य खात्याचं परिपत्रक म्हणत होतं की सिस्टर कितीही शिकलेली असू दे, तिच्या कामावर डॉक्टरांची नजर हवी. समोर बसून, नाहीतर पडद्यावर थेट. चिंचपट्टीवरची ही नजर वीरभद्रप्पांकडे होती. नजर नसेल तर बाळंतखोलीला कुलूप!

डॉक्टरांना समोर बसायला वेळ नव्हता. पडद्यावर बसायलाही नव्हता, कारण दुपारी झोप असायची. म्हणून त्यांनी पांढरा कोट चढवून, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून स्वतःचं अर्ध्या तासाचं चित्रण करून ठेवलं होतं. त्यात ते गंभीर चेहऱ्यानं मान डोलवायचे आणि अधूनमधून म्हणायचे, "हं... बरोबर... पुढे चला."

"सर, ही लबाडी आहे," महेजबीन म्हणाली.

"सिस्टर, याला तंत्रज्ञान म्हणतात!"

महेजबीननं टॅब पिशवीत टाकला. मागच्या वर्षी खोली दोन महिने बंद होती तेव्हा गावातल्या गोजाबाईची थोरली सून सोलापूरच्या वाटेवर टेंपोत बाळंत झाली होती. आता धाकटी सून पूनम हिचे दिवस भरत आले होते. खोली उघडी राहायला हवी होती, मग त्यासाठी टॅबसमोर उभं राहून "व्हय सर" म्हणावं लागलं तरी चालेल.

टॅब महिनाभर इमानेइतबारे मान डोलवत राहिला. गावानं खरा डॉक्टर कधी पाहिलाच नव्हता, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. फक्त पूनमला तपासताना गोजाबाई टॅबवर घोंगडं टाकायची. "बाईमाणसाच्या खोलीत ह्यो बाप्या टकामका काय बगतोय?" असं तिचं म्हणणं.

मग तपासणीचं पत्र आलं. आरोग्य खात्याचे चनबसप्पा साहेब बुधवारी देखरेख बघायला येणार होते. आणि त्याच सकाळी पूनमला कळा सुरू झाल्या!

ते कमी होतं म्हणून की काय, डॉक्टर स्वतः हजर! टॅबचा कोन नीट आहे ना ते बघून दहा मिनिटांत पसार व्हायचं, असा त्यांचा बेत. साहेबांच्या नजरेला ते पडले तर पडद्यावरचा डॉक्टर कोण, हा प्रश्न आलाच असता. पण फाटकाशेजारच्या लिंबाची एक फांदी त्यांच्या नव्या गाडीला घासली. डॉक्टरांनी काठी उचलली.

"आवो पावणं, मोहोळ हाय तितं!" ओसरीवरून गोजाबाई ओरडली.

"मला शिकवू नका!" डॉक्टर म्हणाले आणि फांदीवर काठी हाणली.

पुढचं शिक्षण मधमाश्यांनी दिलं.

गोजाबाईनं त्यांना ओढत आत आणलं तेव्हा तोंडाचा पार भोपळा झाला होता. डोळे गायब, जीभ सुजलेली, श्वास घरघरत होता. "बियाणं इकणारा हाय वाटतं कोन तरी," गोजाबाई म्हणाली. महेजबीननं मात्र मनगटावरचं घड्याळ ओळखलं. हा श्वास फार वेळ टिकणार नव्हता. तिनं धावत जाऊन इंजेक्शन भरलं.

"थांबा!" दारात चनबसप्पा साहेब उभे होते. "कुणाच्या परवानगीनं?"

"साहेब, माणूस गुदमरतोय!"

"असेल. पण नियम आहे ना! डॉक्टर कुठे आहेत?"

डॉक्टर खाटेवर होते. पण ते सांगितलं तर खोलीला कुलूप, आणि ओसरीत पूनम भिंतीला धरून कण्हत होती. महेजबीननं दात आवळून टॅब सुरू केला.

"सर, मांडीत इंजेक्शन देऊ का?"

"हं... बरोबर... पुढे चला," टॅब म्हणाला.

खाटेवरचा भोपळा जोरजोरात नकाराची मान हलवू लागला. हजारोंना सुया टोचणाऱ्या या माणसाला स्वतःला सुईची भयंकर भीती होती!

"अहो मामा, तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" साहेब खेकसले. "डॉक्टर हो म्हणतायत ना!"

महेजबीननं सुई टोचली. जरा जोरातच टोचली, खोटं कशाला बोला! पाच-सात मिनिटांत घरघर थांबली. ती नाडी धरून बसून राहिली, सलाईन लावलं, आणि प्रत्येक वेळी टॅबला विचारायला विसरली नाही.

साहेब खूश झाले. त्यांनी चष्मा सारखा केला आणि टॅबसमोर वाकून विचारलं, "डॉक्टर, एकच सांगा. सिस्टर आता तुमच्या देखरेखीशिवाय काम करू शकतील?"

"हं... बरोबर... पुढे चला."

"वा! याला म्हणतात मनाचा मोठेपणा!" साहेबांनी फाईल उघडली आणि उभ्या उभ्या लिहिलं, शेऱ्याखाली सही, सहीखाली शिक्का. बाळंतखोली चालू ठेवावी. देखरेखीची गरज नाही.

"खोटं!" खाटेवरून जड जिभेनं आवाज आला. "मी... दाक्तर... हाय!"

"व्हय बाबा, व्हय," गोजाबाईनं त्यांना थोपटलं. "लई माश्या चावल्या की असं हुतंय."

डॉक्टरांचा हात खिशातल्या ओळखपत्राकडे गेला. महेजबीन अगदी गोड आवाजात म्हणाली, "काय दाखवायचंय, मामा? साहेब आहेत इथेच."

हात खिशातच थांबला. मग रिकामा बाहेर आला.

साहेब गेले. महेजबीननं हात धुतले आणि ती पूनमला घेऊन आत गेली. टॅब बाहेरच राहिला. त्याची आठवणसुद्धा कुणाला झाली नाही.

उन्हं कलता कलता आतून रडण्याचा खणखणीत आवाज आला. गोजाबाई बाहेर आली, डोळे पुसले आणि समोर सापडलेल्या एकुलत्या एक माणसाच्या सुजलेल्या तोंडात गूळ कोंबला.

"नात झाली, पावणं! दोगी बी झ्याक हाईत! सिस्टरच्या हाताला लई गुण बगा. आनी आमचा डाक्टर बी लई चांगला. कदी आला बी न्हाय, कदी आडवा बी आला न्हाय!"

डॉक्टरांनी गूळ गिळला आणि टॅबवरच्या डॉक्टरांसारखीच त्यांची मान आपसूक डोलली.