नऊ वर्षांचा संशयास्पद अनुभव

"डोळे ससाण्याचे, कान सशाचे आणि मेंदू..." इथे मधुकरराव थांबले. आपल्या मेंदूला शोभेल असा प्राणी त्यांना अजून सापडला नव्हता.

निवृत्त कारकून मधुकरराव नंदनवन वस्तीतल्या एका सोसायटीचे उपाध्यक्ष आणि स्वयंघोषित गुप्तहेर होते. शेजारच्या शरच्चंद्रला त्यांनी मदतनीस नेमलं होतं. शरच्चंद्रला हे नेमणुकीनंतर कळलं.

येत्या रविवारी उपाध्यक्षपदाची निवडणूक होती. मधुकररावांविरुद्ध उभी होती तिसऱ्या मजल्यावरची अबोली. तेहतीस वर्षांच्या पोरीला काय जमणार, अशी निम्म्या सोसायटीची कुरकुर. तिने मात्र अर्जात ठासून लिहिलेलं : 'उपाध्यक्षपदाचा अनुभव : नऊ वर्षे.'

"सोसायटी नऊ वर्षांची. उपाध्यक्ष एकच, मी," मधुकरराव अर्जावर भिंग धरून म्हणाले. "मंग हिचा अनुभव आला कुठून गा?"

"तिलेच विचारून पाहू?"

"गुन्हेगाराले विचारत नसतात."

पहिला तर्क : काटोलला माहेर, म्हणजे तिकडे कुठल्यातरी सोसायटीत ती उपाध्यक्ष असणार. शरच्चंद्र भर उन्हात बसने काटोलला जाऊन आला. माहेरी सोसायटी नव्हती, संत्र्याची बाग होती. तिथून आणलेला पिशवीभर पुरावा मधुकररावांनी सोलून खाल्ला.

दुसरा तर्क : नऊच्या आधी दशांशचिन्ह आहे. ते भिंगाखाली दिसलंही. नखाने खरवडल्यावर तर्री-पोह्यातली मोहरी निघाली.

"काहून त्या पोरीच्या मागं लागून राहिले?" मधुकररावांची पत्नी गोपिका चहा ठेवत म्हणाली. "खरंच लिहिलं तिनं. लोक पाण्याची तक्रार घेऊन येत, तवा तुम्ही कोणाच्या तरी हरवलेल्या चपलेच्या तपासावर. मी सगळ्यांले अबोलीकडे धाडत होती. टँकर तिनं बोलावले, लिफ्ट तिनं दुरुस्त करवली. कागदावर तिनं पेन्सिलीची फुली मारली असे तिथं तुम्ही सही केली, बस."

मधुकररावांनी भिंग खाली ठेवलं.

"मले वाटे, ती फुली म्हणजे एखाद्या टोळीची खूण," ते हळूच म्हणाले. चहा तसाच राहिला. शरच्चंद्रला त्यांची पहिल्यांदाच दया आली.

रविवारी सभेत कोणीतरी विचारलंच, "या पोरीले अनुभव काय?"

मधुकरराव उठले. शरच्चंद्रने डोळे मिटून घेतले.

"मी माझा अर्ज मागं घेतो," मधुकरराव म्हणाले. "आणि तिच्या अनुभवाचं मले विचारा. नऊ वर्षं मी तिच्याच हाताखाली होतो."