पांडूतात्यांची पिचकारी

आमचे घरमालक पांडूतात्या नागवेकर कुठल्याही वस्तूची किंमत आधी विचारत नसत. ते पल्ला विचारत. वाडीत पहिला टीव्ही आला आणि छपरावर अँटेना चढला, तेव्हा सगळी वाडी चित्र बघायला घरात घुसली आणि तात्या एकटेच बाहेर अंगणात मान वर करून उभे राहिले. "पल्ला किती हेचा?" माझं लग्न ठरल्याचं मी त्यांना सांगितलं, तेव्हा मुलगी कुठली हेही त्यांनी "पल्ला किती?" असंच विचारलं. इस्लामपूरची आहे म्हटल्यावर थोडा विचार करून म्हणाले, "बरा हाय. सासू उठसूट येनार नाय."

मी मूळचा कराडकडचा. टेलिफोन खात्यात होतो, बदली होऊन रत्नागिरीला आलो आणि भाट्याच्या रस्त्याला तात्यांच्या घराची मागची खोली भाड्याने घेतली. तात्या बाजारातल्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. पन्नाशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, अंगावर मांस नाही आणि तोंडात शब्द नाहीत. लाल मिक्श्चर बाटलीत ओतायचं, डोसांच्या खुणांची कागदी पट्टी बाटलीला चिकटवायची आणि म्हणायचं, "हलवून घ्या." हे दोन शब्द त्यांना सगळीकडे पुरत. ट्रंककॉल लागत नाही म्हणून लोकांच्या शिव्या खाऊन मी घरी यायचो, तेव्हाही तात्या माझ्या तोंडाकडे बघून म्हणायचे, "हलवून घ्या, साहेब. तळाशी बसू देव नका."

पण शिमगा जवळ आला की या माणसात काहीतरी संचारत असे. माळ्यावरून एक लांबडी पेटी खाली यायची. तिच्यात पिचकाऱ्या. पहिली बांबूची, त्यांच्या वडिलांनी करून दिलेली. "ही शिकाऊ मानसाची," असं म्हणून ते ती बाजूला ठेवत. मग गुरांच्या डॉक्टरची जुनी सिरिंज, जिच्यातून कधीकाळी बैलांना इंजेक्शनं दिली गेली होती. आणि शेवटी मऊ फडक्यात गुंडाळलेली पितळी पिचकारी, चिंचेने घासून लखलखीत केलेली. तिचा चामडी वॉशर तात्या रात्रभर खोबरेल तेलात भिजत घालत. माझ्या खोलीची कौलं सरकली आहेत, हे मी दोन पावसाळे सांगत होतो. त्या कौलांकडे त्यांनी या वॉशरकडे दिलं त्याच्या शतांश लक्ष दिलं असतं, तरी माझी गादी कोरडी राहिली असती.

एवढा सगळा सरंजाम एका माणसासाठी होता. तात्यांचे थोरले भाऊ, दादा.

दादांचं घर शेजारीच. मध्ये गडगा, म्हणजे जांभ्या दगडांची रचलेली कमरेएवढी भिंत. वडील गेल्यावर वाटण्या झाल्या, तेव्हा विहिरीकाठचं एक हापूसचं कलम कुणाकडे जावं यावरून दोघे भाऊ मोजणीदारासमोर हमरीतुमरीवर आले. तात्या म्हणाले, तुझ्या अंगणात पाय टाकला तर बापाचं नाव लावणार नाही. दादा म्हणाले, मी तरी कुठे टाकतोय तुझ्या. झालं. कलम दादांकडे गेलं आणि दोघांचा बोलण्याचा व्यवहार संपला. कोकणातला माणूस भांडण मुरांब्यासारखं टिकवतो, हे मी ऐकून होतो. इथे बरणीच माझ्या खिडकीसमोर ठेवलेली होती.

पण नागवेकरांच्या वाडीत एक रीत होती. रंगपंचमीला पहिला रंग थोरल्यावर. तो पडल्याशिवाय कुणी कुणावर थेंब उडवायचा नाही. आता थोरले दादा, आणि रंग टाकायचा मान त्यांच्या पाठच्या भावाचा. अंगणात जायचं नाही आणि रंग तर टाकायचा. यावर तात्यांनी काढलेला तोडगा म्हणजे ती पिचकारी.

मी राहायला आलो त्या वर्षी पहिल्यांदा हा सोहळा पाहिला. तात्या सकाळीच गडग्याशी उभे. मागे वाडीतली पोरं आपापल्या पिचकाऱ्या भरून दम धरून. थोड्या वेळाने पलीकडून दादा आले. हातात कोयता, वाळक्या झावळ्या तोडायच्या म्हणून, आणि अंगात कोरा पांढरा सदरा. झावळ्या तोडायला कोरा सदरा कोण घालतं? पण दादा गडग्यालगतच वाकले आणि झावळ्यांशी उगाच खाटखूट करत राहिले. तात्यांनी नेम धरला. सदरा पाठीवरून लालभडक झाला.

"मेल्या, डोळे फुटले काय तुझे!" दादा ओरडले.

तात्या माडाच्या शेंड्याकडे बघत म्हणाले, "वारा हाय."

पोरांनी एकच बोंब ठोकली आणि वाडीची रंगपंचमी सुरू झाली. दोघा भावांचं वर्षभराचं बोलणं तेवढंच.

तिसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात दादांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड थोडं वाकडं झालं, बोलणं जड झालं. वहिनी औषध न्यायला दवाखान्यात यायच्या. एकदा तापासाठी मी तिथे बसलो होतो, तेव्हा बघितलं. तात्या वहिनींकडे न बघता बाटलीशी बोलत होते. "पेशंट जेवतो काय? पेशंटला झोप लागते काय?" वहिनीही बाटलीलाच उत्तरं देत होत्या. त्या गेल्यावर तात्या बराच वेळ औषध मापायचा रिकामा औंसाचा ग्लास धूत बसले. मागे आम्ही सगळे ताटकळत होतो.

दादा आता दिवसभर ओटीवर आरामखुर्चीत असत. गडग्यापासून ओटी चांगलीच लांब. मधे अख्खं अंगण आणि अंगणाच्या मध्यावर तुळस. थंडी सरता सरता तात्यांनी साध्या पाण्याने पितळी पिचकारी मारून बघितली. धार तुळशीपाशी जाऊन मान टाकायची. वॉशर बदलला, तोटी बारीक करून आणली, आठवडाभर खोबरेल पाजलं. धार तुळशीच्या पुढे जाईना.

"राहू दे ना, तात्या," मी म्हटलं. "आजारी माणसावर कसला रंग उडवता?"

"आजारी हाय म्हनून थोरला नाय काय तो?"

"पण यंदा नाही टाकला तर काय होईल?"

तात्यांनी पिचकारी खाली ठेवली. "थोरल्यावर नाय पडला, तर रंग पुढच्यावर जातो. म्हंजे माज्यावर. ता कदी होता म्हायत हाय तुमास? थोरला गेला की. दादा हयात असताना मी थोरला होव?"

त्यांचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्याच आठवड्यात रिक्षातून एक खोकं उतरलं. त्यातून निघाला आंब्याच्या झाडांवर फवारणी करायचा नवा कोरा पंप. पायाने मारायचा दट्ट्या, लांबलचक रबरी नळी, पुढे माणसाहून उंच दांडी आणि तिच्या टोकाला फिरवायची पितळी तोटी. फिरवली तर धार, उलटी फिरवली तर फवारा. वीस हात उंच कलमाचा शेंडा भिजवणारं यंत्र. माझ्या कौलांसाठी बाजूला काढलेले पैसे त्यात गेले, हे तात्यांनी स्वतःच प्रसन्न चेहऱ्याने सांगितलं. "दुकानदार इचारीत होता, कलमा किती? मी म्हटला, एकच. पन जुना हाय." वर बजावलं, "यातनं कीडनाशक कदी जायचा नाय. मानसासाटी हाय ह्यो."

मग आमच्या परसात रोज संध्याकाळी चाचण्या सुरू झाल्या. दट्ट्यावर पाय माझा, दांडीवर हात त्यांचा. पहिल्या दिवशी धार माझ्या वाळत घातलेल्या ऑफिसच्या शर्टांवर बसली आणि शर्ट दोरीसकट शेजारच्या केळीत गेले. तात्या आनंदाने दांडी नाचवत म्हणाले, "पल्ला बगितलात? ह्येका म्हनतात पल्ला!" शेवटच्या चाचणीला ओटीएवढ्या अंतरावर खुर्ची मांडून तिच्यात मला बसवलं आणि दांडी हातात धरून पंपावरही स्वतःच चढले. मी दादांसारखा मान कलती करून बसलो. पुढच्या क्षणी छातीत कुणीतरी गुद्दा मारावा तशी धार बसली. खुर्ची मागे गेली, चष्मा उडाला आणि मी केळीच्या बुंध्याशी श्वास शोधत पडलो.

तात्या धावत आले. मला उठवायचं सोडून त्यांनी माझा ओला सदरा वर करून छाती बघितली. तिथे लाल चट्टा उठला होता. त्यावर ते बोट ठेवून उभे राहिले.

"लागला?"

"लागलं म्हणजे काय! मी मेलो असतो."

एरवी त्यांनी मला हलवून घ्यायला सांगितलं असतं. त्या दिवशी केळीत शोधून माझा चष्मा तेवढा हातात दिला. रात्री जेवले पण नाहीत. दुसऱ्या दिवसापासून तोटी उलटी फिरवून फवाऱ्याच्या चाचण्या सुरू झाल्या. फवारा मऊ होता, पण वारा पडलेला असेल तरच कसाबसा पोचायचा.

रंगपंचमी उजाडली. पोरं भरलेल्या पिचकाऱ्या घेऊन मागे. मी दट्ट्यावर. बादलीत रंग, तात्यांनी औंसाच्या ग्लासाने मापून कालवलेला. पलीकडे ओटीवर दादा. वहिनींनी त्यांना पांढरा सदरा घातला होता.

फवारा पोचेल याची खात्री नव्हती, म्हणून तात्यांनी आधी तोटी धारेवर फिरवली. नेम धरला. मी पाय मारायला सुरुवात केली, नळी फुगली, आणि तात्यांनी दांडी खाली घेतली. पुन्हा वर केली. पुन्हा खाली.

"सोडा की, तात्या!" मागून एक पोर ओरडलं.

"लागंल त्याला," तात्या स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी तोटी उलटी फिरवली. फवाऱ्याचा लाल ढग गडग्यावरून उठला, अंगणात शिरला, अगदी तुळशीपर्यंत गेला. आणि तेवढ्यात माडांमधून वारा आला. समोरून. तो अख्खा ढग जसा गेला तसा परत फिरला आणि तात्यांवर उतरला. टक्कल, मिशी, सदरा, धोतर, सगळं लाल. माणूस नुसता डोळ्यांनी ओळखू येत होता.

पोरांनी बोंब ठोकली. "पडला! पहिला रंग पडला! तात्यांवर पडला!"

मलाही हसू फुटलं होतं. पण तात्यांचे डोळे बघितले आणि ते तिथल्या तिथे विरलं. इतका घाबरलेला माणूस मला पुन्हा बघायचा नाही.

"थांबा!" तात्या पोरांवर ओरडले. "कोन थेंब उडवाल तर! नाय पडला अजून! नाय पडला!"

त्यांनी दांडी टाकली आणि गडग्यावर पाय दिला. धोतराचा सोगा दगडात अडकून टर्रकन फाटला, एक वहाण अलीकडेच राहिली. ते पलीकडे उतरले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. अंगणातून जवळजवळ पळतच ओटीवर चढले, स्वतःच्या गालावरचा ओला रंग चार बोटांवर निपटून घेतला आणि दादांच्या कपाळाला, गालांना, पांढऱ्या सदऱ्याला फासला.

"ह्यो पहिला," ते धापा टाकत म्हणाले. "माज्यावरचा रंग नव्हं, वारा व्हता. पहिला ह्यो."

पोरं आता खरोखरच सुटली. त्या गोंधळात मीही पंप सोडून गडग्याशी गेलो. आजारी माणूस या दांडगाईने चिडेल की काय, अशी मला धास्ती होती. दादा हसत होते. वाकड्या तोंडाने, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी काढत. मग जड जिभेने काहीतरी म्हणाले. ते तात्यांना कळलं नाही.

वहिनींनी सांगितलं. "म्हनतायत, मीच येनार व्हतो गडग्यापाशी. महिनाभर त्येंनी रोज पहाटे मला धरून चालायचा सराव केलानी, भावोजी. तुमाला दिसू नये म्हनून काळोखात. तुळशीपर्यंत येतात. पुडं पाय उचलत नाय."

तात्या खालीच बसले, ओटीवर, खुर्चीच्या पायाशी. दादांचा उजवा हात मांडीवर निर्जीव पडला होता. तो त्यांनी दोन्ही हातांत घेतला आणि कंपाउंडर चोळतात तसा कोपरापासून बोटांपर्यंत चोळू लागले. हात लाल होत गेला. मी गडग्याच्या अलीकडे उभा राहून बघत होतो आणि मला रडू येत होतं. ते लपवायची गरज नव्हती, सगळ्यांचीच तोंडं रंगलेली होती.

"वैनी," तात्या वर न बघता म्हणाले, "उद्यापासून सकाळी मी धरतो त्याला."

"आनि दवाखाना?"

"दवाखाना धाला उघडतो." मग त्यांनी ओटीच्या कोपऱ्यांत, दाराआड इकडेतिकडे बघितलं. "त्याच्या वहाना खंय ठेवतास तुमी?"

भावाच्या घरात वहाणा कुठे ठेवतात, हे त्यांना विचारावं लागलं.