कोरी कुपी जांभळी जाहली त्याची हकीकत

श्रीरक्तेश्वरी प्रसन्न असो आणि वाचणारांचे हातपाय ऊन राहोत. शके सोळाशे ब्याण्णव, विकृतिनाम संवत्सरी एका राज्यात वर्तमान ऐसे जाहले की, प्रजेच्या रक्तात लोह किती ते कळावे ऐसे सरकारांचे मनी आले. मग टेकडीवर परीक्षाशाळा बांधिली, आणि तीत लोखंडाचा खिळा म्हणून ठेविला नाही, आणि आत जाणाराने किल्ल्या, चाकू खालीच ठेवावे ऐसा बंदोबस्त केला, कारण बाहेरील लोहाचा कण उडाला तरी माप बिघडते. शाळेचे मुख्य लिंबाजीपंत, मोठे कर्मठ, खोटे कसे ते ठाऊक नाही. रीत ऐशी की, रक्त तेजाबात विरवावे आणि त्यात औषध घालावे, मग जितके लोह तितका जांभळा रंग गडद. आणि शेजारी एक कोरी कुपी, तीत रक्त नाही, नुसते शुद्ध पाणी आणि तेच औषध. तीस जो रंग चढेल तो धुळीचा दोष समजून सर्वांचे मापातून वजा करावा. रीत चांगली, आम्ही नाही म्हणत नाही. परंतु वर हुजूरचा हुकूम की, ज्याचे लोह शून्य तो मृत जाणावा आणि त्याशी कोणी बोलू नये. या हुकुमाने घात केला.

मग एके दिवशी कोरी कुपी जांभळी जाहली. कुपी तेजाबाने धुतली, पाणी बदलिले, तरी रोज अधिक गडद, जणू आत कोणी वस्तीस आले आहे. आणि वजाबाकीने सर्वांची मापे उतरली, आणि पंतांची लेक सगुणाबाई, जन्माची अशक्त, तिचे माप शून्यावर आले. मदतनीस गोंदजी म्हणाला, "पंत, दोष कोरीत आहे. आज वजा करू नका." पंत म्हणाले, "लेकीसाठी रीत मोडली तर उद्या माझे माप कोण मानील?" तोच सगुणाबाई दारी आली आणि म्हणाली, "बाबा, मी इथे उभी आहे, दिसते ना?" पंतांचे डोळे भरून आले, आणि तरी त्यांनी शून्यच हुजूर कळविले. धन्य तो बाप! आम्हांस तर लिहितानाही राग येतो.

मग घरी सुतक धरिले, आणि पोर पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यास हाका मारी, आणि कोणी ओ देईना. पुढे हाका क्षीण जाहल्या, आणि ज्या दिवशी ती गप्प जाहली त्याच दिवशी कोरी कुपी नितळ निघाली. पंतांनी लेकीचे राखिलेले रक्त पुन्हा मोजिले तो रंग चांगला गडद. मग पंत अनवाणी टेकडी उतरले, पायरीपाशी आले आणि म्हणाले, "सगुणे, चूक जाहली. तू जिवंत आहेस, बाळ." तिने मागे वळून पाहिले, आणि हळूच म्हणाली, "बाबा, कोणाशी बोलता?"

मग पंतांनी आपले रक्त मोजिले. ते भरपूर होते. हुजूर मात्र शून्य कळविले.

एकूण मजकूर इतकाच की, आता मापे बरोबर येतात आणि सरकार संतुष्ट आहेत. बापलेक पायरीवर शेजारी बसतात आणि लोक त्यांस ओलांडून जातात.