इच्छुकांनी उपस्थित राहावे

विद्यापीठात कुणाच्या पीएचडीची खुली मौखिक परीक्षा असली की फलकावर नोटीस लागते. तिच्या शेवटी एक वाक्य असतं : 'इच्छुकांनी उपस्थित राहावे.' हे वाक्य मनावर घेणारा उभ्या नागपुरात एकच माणूस आहे आणि तो धरमपेठेत आमच्या खालच्या मजल्यावर राहतो.

वामनराव ढोबळे. वीज खात्यातून निवृत्त झालेले, एकटे. अख्खी बिल्डिंग त्यांना काकाजी म्हणते. लग्नातच घालायचा तो इस्त्रीचा सफारी चढवून ते आठवड्यातून एकदा तरी सकाळी बाहेर पडतात. कुठे निघालात असं विचारलं की म्हणतात, "आमंत्रण आहे नं!"

"काकाजी, ते आमंत्रण नसतं हो. नियम आहे म्हणून लिहितात."

"असं कसं? बोलावलं म्हटल्यावर जा लागते. कोनीच नाही गेलं तं पोट्टीले कसं वाटंल?"

आता ही खुली परीक्षा, म्हणजे ज्याला सगळे व्हायवा म्हणतात ती, असते तरी काय? उमेदवारानं पाच-सहा वर्षं खपून जे शोधलं ते उभं राहून सांगायचं. बाहेरगावचे परीक्षक खोचक प्रश्न विचारतात, गाइड घाम पुसतात. खोलीत सक्तीनं बसवलेले दोन ज्युनिअर असतात आणि त्यांचं लक्ष समोशांकडे असतं. आणि पहिल्या रांगेत काकाजी.

विषयाचं त्यांना वावडं नाही. कापसाच्या बोंडातल्या अळीला ते गेले, यादवकालीन नाण्यांना गेले. संत्र्याच्या सालीच्या तेलाला गेले, तिथून परस्पर कोमल निषादाला गेले. गणिताच्या व्हायवाहून आले तेव्हा मी विचारलं, काय कळलं? म्हणाले, "त्यानं फळा भरला, पुसला, अन् पुन्हा भरला. मेहनती पोट्टा आहे बाप्पा." संस्कृतवाल्या मुलीबद्दल म्हणाले, "एका शब्दापायी सहा वर्षं! अन् शब्द बी असा, का आपण पाहिलं बी नसतं त्याच्याकडं."

कळो न कळो, काळजी मात्र ते सगळ्यांची सारखीच करतात. परीक्षकानं चष्मा काढला की काकाजींचा हात खुर्चीच्या दांड्यावर आवळतो. उमेदवार अडखळला की ते पुटपुटतात, "मले तं धडधडून राहिलं." हे पुटपुटणं मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जातं. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी आधी त्यांचं मीठ बंद केलं, मग तूप, आणि शेवटी रक्तदाबाचा आकडा बघून व्हायवा बंद करायला सांगितल्या. मीठ आणि तूप त्यांनी मुकाट्यानं सोडलं.

"आपण पोट्टीकडचे," असं त्यांचं तत्त्व. उमेदवार मिशीवाला गडी असला तरी ते पोट्टीकडचेच. "परीक्षक म्हणजे वरपक्ष. त्यायचा काय भरवसा?"

इथपर्यंत सगळं गोड आहे. पण व्हायवाच्या शेवटी 'श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचं आहे का?' असं विचारायची पद्धत आहे. कुणी काही विचारत नाही हीसुद्धा पद्धतच. काकाजी उठतात. सफारी खाली ओढतात. विषय कुठलाही असो, त्यांचा प्रश्न ठरलेला असतो :

"याच्यात तुमाले सगळ्यात जास्त नवल कायचं वाटलं?"

ऐकायला साधा प्रश्न. पण त्याची तयारी कुणीच केलेली नसते. रसायनशास्त्राची एक मुलगी या प्रश्नाला रडायलाच लागली. इतिहासाचा एक गृहस्थ सुरू झाला तो थांबेना, चहा गार झाला, परीक्षकांची गाडी चुकायची वेळ आली. आणि अर्थशास्त्राच्या एका भोळ्या सांबानं सांगून टाकलं, "नवल म्हणजे, शेवटी माझा निष्कर्ष चूक असावा असं वाटू लागलं." त्याच्या गाइडनी त्या दिवसापासून काकाजींचं नाव टाकलं आहे.

म्हणून माझी स्वतःची तारीख लागली तेव्हा माझ्या गाइड मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "तुझे ते काकाजी येणार नाहीत ना?"

ते येणारच होते. मी प्राणिशास्त्र शिकवते, तेही तासिका तत्त्वावर. दरवर्षी जूनमध्ये कॉलेज पुन्हा बोलावणार की नाही याची धाकधूक. पदवी मिळाली तरच काही पक्कं व्हायची आशा. माझा विषय नागपूरला लागून असलेल्या वाडीच्या गोदामांमधले कोळी. माझे बाबा तिथल्याच एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात आधी हमाल होते, आता चौकीदार आहेत. लहानपणी त्यांचा डबा घेऊन जायची तेव्हा पोत्यांच्या थप्पीमागे भिंतीला चिकटलेला तो तळहाताएवढा, जाळं न विणणारा कोळी मी पहिल्यांदा पाहिला. तोच पुढे माझ्या नशिबी आला.

बाहेरचे परीक्षक कडक म्हणून प्रसिद्ध होते. मी रात्रंदिवस पाठ करत होते. काकाजींच्या प्रश्नाचंसुद्धा एक छान उत्तर रचून ठेवलं होतं, 'जैवविविधता' हा शब्द तीनदा येणारं. जिन्यात काकाजी भेटले की माझं तोंड बघून म्हणायचे, "काहून वं एवढी सुकली?"

"परीक्षा आहे ना, काकाजी."

एरवी माझं सगळं हसण्यावारी नेणारे काकाजी या शब्दावर चिडायचे. "परीक्षा म्हणू नको! आमंत्रण आहे म्हन. घरच्यायले बी तसंच सांगजो."

मी कशाला सांगत बसते? व्हायवाला आमच्या वाडीच्या घरी शब्द नाही. बाबांना मी फोनवर म्हटलं होतं, "बाबा, माझी शेवटची परीक्षा आहे बरं का." बाबा म्हणाले होते, "घाबरू नको माय, बराबर होते."

तो दिवस उजाडला. पहिल्या रांगेत सफारी होताच. माझं सांगून झालं आणि परीक्षकांनी चष्मा काढला.

"मॅडम, तुम्ही सगळी निरीक्षणं वाडीतच का घेतली? आभारात लिहिलंय तशी तिथे तुमच्या वडिलांची ओळख होती म्हणून?"

खरं तेच होतं. पण ते शास्त्रीय भाषेत कसं म्हणायचं? मॅडम टेबलाकडे बघू लागल्या. मी आधाराला पहिल्या रांगेकडे पाहिलं, तर काकाजी उठून चक्क बाहेर चालले होते. इतक्या जणांच्या व्हायवांना शेवटपर्यंत बसलेला माणूस माझ्या वेळी उठून जातो! मला खरोखर रडू यायला लागलं. कसंबसं मी सांगितलं की दुसऱ्या गोदामांत बाहेरच्यांना शिरू देत नाहीत, इथे मला पोती न हलवता तासन्‌तास बसू दिलं. परीक्षक "हं" म्हणाले. त्या "हं"चा अर्थ लागेना.

तेवढ्यात दार उघडलं. काकाजी आत आले, आणि त्यांच्या हाताला धरलेले माझे बाबा. बाबांच्या दुसऱ्या हातात पाण्याची बाटली होती.

"माफ करजा साहेब," काकाजी खणखणीत आवाजात म्हणाले. "मी पानी प्याले गेलो तं पोट्टीचा बाप भाईर लिंबाखाली बसून होता. सकाळपासून. बाटली पाहून विचारलं तवा समजलं. याले अंदर घेतो."

बाबांनी दाराशी चपला काढल्या. "परीक्षा चालू आहे नं," ते घाबरून कुजबुजत होते. "मास्तर रागावतीन." दहावीला, बारावीला ते असेच केंद्राच्या फाटकाबाहेर बाटली घेऊन बसायचे. शेवटची परीक्षा म्हटल्यावर ते आत कसे येतील? काकाजींनी त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं. ते अगदी कडेला टेकले.

परीक्षकांनी सगळ्यांकडे एक नजर टाकली आणि विचारलं, "श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचं आहे?"

काकाजींनी सफारी खाली ओढला. "याच्यात तुमाले सगळ्यात जास्त नवल कायचं वाटलं?"

माझं पाठ केलेलं उत्तर कुठच्या कुठे गेलं. समोर बाबा बाटली घेऊन बसले होते.

"या कोळ्याची मादी," मी म्हणाले, "अंडी घालते आणि त्यांची चपटी पांढरी थैली पोटाशी धरून बसते. पिल्लं बाहेर येईपर्यंत काही खात नाही. समोरून झुरळ गेलं तरी हलत नाही. मी रोज बघायचे आणि रोज वाटायचं, आज तरी खाईल."

आता काकाजी बसतील असं मला वाटलं. पण ते उभेच राहिले.

"आनखी एक विचारू काय?" असं आजवर कधी झालं नव्हतं. "पोट्टे निंगून गेल्यावर मंग ते माय काय करते?"

मी गोंधळले. पिल्लं पांगली की माझं निरीक्षण संपत असे. "ते मी नाही पाहिलं, काकाजी."

"लिहा, लिहा," परीक्षक हसून मॅडमना म्हणाले, "पुढील संशोधनास वाव आहे." सगळे हसले. पदवीची शिफारस झाल्याचं त्यांनी तिथेच जाहीर केलं, मॅडमनी मला मिठी मारली. काकाजी मात्र हसले नव्हते. ते खाली मान घालून बसले होते.

समोसे खाताना ते बाबांना म्हणाले, "मी बी असाच बसलो होतो, भाऊ. तिथंच, लिंबाखाली. माह्या वंदनाची व्हायवा होती. मले वाटे परीक्षा आहे, बापाले कोन अंदर घेते? भाईर आली तं म्हने, बाबा, अंदर साऱ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. नोटीस बी लावली होती म्हने, सगळ्यायले बोलावल्याची." त्यांनी समोसा तसाच बशीत ठेवला. "पानी पाजलं अन् घरी आनलं. तिनं काय शोधलं ते विचारलंच नाही. मंग ते गेली परदेशात."

"मंग फोनवर विचारा नं," बाबा म्हणाले.

"फोनवर वंदनाच मले विचारते, गोळी घेतली काय. घेतली म्हटलं का संपते बोलनं."

काही आठवड्यांनी वाडीहून बाबांचा फोन आला. मला वाटलं तब्येतीचं काही. तर म्हणाले, "थप्पीमागं एक होती नं अंडीवाली, मी पाहून राहिलो होतो. पिल्लं गेले सारे. दोन रोज तशीच बसून होती. काल झुरळ खाल्लं तिनं. त्या भाऊले सांगजो."

मी तशीच खाली गेले. काकाजी ताट पुढ्यात घेऊन बसले होते, भात निवून गेला होता. मी सांगितलं.

"खाल्लं? नक्की?"

"बाबांनी स्वतः पाहिलं."

"बरं झालं बाप्पा." त्यांनी डोळे पुसले. मग हात धुऊन आले आणि फोन घेतला. "वंदना उठली असंल आता तिकडं. तिले सांगतो हे कोळनीचं. अन् तिच्या त्याच्यात तिले नवल कायचं वाटलं होतं, ते बी विचारतो."

मी जायला वळले.

"कुठं चालली? बस वं जरा." पलीकडे घंटी वाजायला लागली होती. "मले धडधडून राहिलं."

मी समोरची खुर्ची ओढली आणि पोट्टीकडची म्हणून बसले.