गुरांच्या हौदातलं तारण

जीवराम कंडक्टरचं मंदाशी लग्न झालं. ते तूर्त विसरा. झालंच नाही असं धरून चाला; कारण त्र्याहत्तरच्या त्या दुष्काळी उन्हाळ्यात शिरपुरात ते होण्याचं काही लक्षण नव्हतं.

मंदाचे वडील सुकदेवनाना बाप्तिस्म्याला माणूस अख्खा बुडवणाऱ्या ख्रिस्ती मंडळीतले. जीवरामची आई केसरबाई नुसतं पाणी शिंपडणाऱ्यांतली. जीवरामला तान्हेपणीच पाळकांनी कपाळावर तीन थेंब दिलेले. नाना ते तोंड धुण्यातही धरायला तयार नव्हते.

"माणूस पाण्यात पुरता गेला पाहिजे, जीवराम. मगच तारण. आणि मगच तारीख."

घरी आईनं भाकरी थापता थापता दुसरी बाजू मांडली. "तारण विश्वासमा शे, पाणीमा नही. तुना बापले बी थेंबच मियनात. तू बुडना म्हणजे थेंब खोटा. मंग तुना बाप आते कोठे शे, सांग?"

वडील जाऊन चार वर्षं झालेली. भरल्या गाडीत भल्याभल्यांना सीटवरून उठवणाऱ्या जीवरामला, गेलेल्या बापाला स्वर्गातून उठवायची हिंमत नव्हती. मंदाला सोडायचीही नव्हती. शेवटी तो बुडायला तयार झाला आणि आई पहाऱ्याला सोबत निघाली.

नदीत नुसती वाळू, मंडळीच्या टाकीत शेळी बसलेली. म्हणून हीरालालशेठच्या मळ्यातला गुरांचा हौद ठरला. शेठ जैन, त्यांनी मोटरच्या पाइपाला फडकं बांधून पाणी गाळून घेतलं आणि बजावलं, "फार ढवळू नका. जीव मरतात." हौद गुडघाभर भरला आणि वीज गेली.

पाळकांच्या परवानगीनं नानाच पाण्यात उतरले. पण जीवराम हौदापेक्षा हातभर लांब. छाती दाबली की गुडघे वर, गुडघे दाबले की डोकं वर.

"नाना, गुडघे राहू द्या ना," जीवराम धापा टाकत म्हणाला.

"राहू द्या? माणूस प्रार्थना कशावर टेकून करतो? नेमके तेच बाकी ठेवू?"

"दोन खेपांत घ्या की," हीरालालशेठ काठावरून म्हणाले. "आधी वरचा, मग खालचा."

"तारण हप्त्यानं होत नाही, शेठ!"

केसरबाईला बघवेना. "मरी जाई ना मना पोऱ्या! गुडघाच ना? थांबा, मी शिंपडस!" ती ओंजळ भरायला वाकली, ओल्या काठावरून पाय सरकला. जीवराम दचकून हौदाबाहेर, आई आत. ठेंगणी केसरबाई हौदात अशी मावली, जणू माप घेऊनच बांधला होता. पदराचं टोकही वर राहिलं नाही. नानांनी संधी साधली. जीवरामनं आईला वर ओढेपर्यंत त्यांचं पिता, पुत्र, पवित्र आत्मा म्हणून झालंही होतं.

"मना पाय सरकना!" केसरबाई ओरडली.

"तो सगळ्यांना असाच बोलावतो, विहीणबाई," नाना गहिवरून म्हणाले. जीवराम चमकला, विहीणबाई हा शब्द नानांच्या तोंडून पहिल्यांदाच निघत होता. "घरातलं एक माणूस पुरतं गेलं, मला पुरे. काढा तारीख!"

लग्न थाटात झालं. केसरबाई जेवली मात्र नाही. "मी आते बुडेलसमा, तुना बाप शिंपडेलसमा," ती म्हणाली. "त्याले भेटू कशी? लिख अर्ज." जीवरामनं नव्या सासऱ्यांच्या मंडळीच्या नावे अर्ज लिहिला: "तरी सदर प्रसंगी झालेले बुडणे हे बुडणे न समजता पाय घसरणे समजण्यात यावे. ते शक्य नसल्यास, अर्जदाराचे मयत पती सध्या जिथे असतील तिथे मंडळीने माणूस पाठवून त्यांना एकवार पूर्ण बुडवण्याची तजवीज करावी, ही नम्र विनंती."