सेहेचाळीस जोडपी आणि एक सडं कार्ड

अन्नपूर्णाबाई चौरंग सरकवायला गेल्या आणि चौरंगावरची दोनशे सत्तावीस कार्डं रांगोळीवर सांडली.

चातुर्मास लागल्यापासून त्या रोज पहाटे न्हाऊन देवापुढे तेहतीस गोपद्मं काढीत. आज एकोणतिसाव्याला जागा पुरेना, म्हणून चौरंग बोटभर सरकवला, एवढंच. पण कार्डांच्या जुड्यांना बांधलेल्या सुतळीची गाठ त्यांच्या नवऱ्यानं, शालिग्रामरावांनी मारली होती. शालिग्रामराव विद्वान होते, गाठ मारणं मात्र त्यांना कधी जमलं नाही.

"अवं माय!" म्हणून अन्नपूर्णाबाई खालीच बसल्या.

ही साधी कार्डं नव्हती. शालिग्रामराव खामगावजवळच्या एका कापूस प्रयोगशेतीच्या कचेरीत आकडेमोडीच्या कामावर होते. तिथे त्यांच्यासह आठ माणसं दिवसभर दांडा फिरवून चालणारी यंत्रं गरगरवीत बसत आणि तीन महिन्यांनी सांगत, की अमक्या वाणाचा कापूस तमक्यापेक्षा बरा. शालिग्रामरावांनी नागपूरला चार महिन्यांचं शिक्षण घेतलं आणि येऊन कचेरीच्या पंजाबराव साहेबांना सांगितलं, "माणसं चुकतात साहेब. नागपूरले आता असं यंत्र आलं हाये का थे हेच काम चार मिन्टात करते, आन चुकत नाई." साहेब म्हणाले, "बरं. आठ जणांनी काढलेले मागच्या वर्षाचे आकडे घेऊन जा. यंत्राचा एक जरी आकडा वेगळा आला, तर तुम्ही परत दांड्यावर. कायमचे."

त्या यंत्राला बोलणं कळत नाही, भोकं कळतात. म्हणून जाड कागदाच्या लांबट कार्डांवर भोकं पाडून त्याला आज्ञा लिहायच्या, एका कार्डावर एक. शालिग्रामरावांची एकशे ऐंशी कार्डांची मोठी जुडी यंत्राला शेतातले आकडे वाचायला शिकवीत होती. निवृत्ती म्हणजे त्यांचा धामणगाव बढे गावचा वर्गमित्र, आता नागपूरला संख्याशास्त्र शिकवीत असे. त्याची सेहेचाळीस कार्डांची लहान जुडी होती. एखाद्या वाणाचा कापूस बियाण्याच्या गुणानं जास्त आला की नुसत्या नशिबानं, हे ती काढून देणार होती. नशीब मोजणारी कार्डं! हे ऐकलं त्या दिवसापासून अन्नपूर्णाबाई त्या जुडीला पाय लागू देत नव्हत्या.

लहान जुडी मोठीला जोडायची एवढं ठरलं होतं. पण कुठे बसवायची, यावर दोघा मित्रांचं तीन महिने पोस्टकार्डांवर भांडण चाललं होतं. पोस्टकार्ड उघडंच, त्यामुळे ते सगळ्या आळीला पाठ. पोस्टमन अंगणातूनच विचारी, "मंग काय ठरलं भाऊ? मधी का शेवटी?" परवा निवृत्ती स्वतःच येऊन थडकला, आणि आज पहाटे दोघं टांगा आणायला म्हणून गेले होते. अन्नपूर्णाबाईंनाही यंत्र पाहायचं होतं, म्हणून तिघांना सकाळच्या गाडीनं जलंबवरून नागपूर गाठायचं होतं. यंत्र आजच मिळणार होतं, चार ते साडेचार. पुढची पाळी आठ महिन्यांनी.

शेजारच्या झुंबरबाई वांग्याची पाटी बाजारात न्यायला निघाल्या होत्या. त्या दारातच थबकल्या.

"काय वं हे? इतके पत्ते कोन खेयते तुमच्या घरी?"

"पत्ते नाई हो झुंबरबाई. यांचं दोन वर्षांचं काम हाये. आता मी काय करू?"

"काय करतं म्हंजे? उचल आन लाव." झुंबरबाईंनी पाटी खाली ठेवली. "आकडे गिकडे कुठी लिहेले हायेत?"

आकडे नव्हते. नुसती भोकंच भोकं. दोघींनी कार्डं बाजेवर पापडांसारखी मांडली. आणि मग, ज्यांना रोज ठिपके मोजून बोटं वळवायची सवय, त्या अन्नपूर्णाबाईंना ते दिसलं. कार्डाच्या उजव्या कडेचं शेवटचं भोक एकेका कार्डात एकेक पायरी खाली उतरत होतं. तळाशी पोचलं की पुन्हा वर, आणि शेजारचं भोक एक पायरी खाली. अन्नपूर्णाबाईंच्या अंगावर काटा आला. ज्यानं हे रचलं त्यानं प्रत्येकाला आपापली जागा नेमून दिली होती, मोजायची शिस्त तेवढी आपली हवी.

"झुंबरबाई, यायच्यात क्रम हाये! पाहा, हे पयलं. हे दुसरं."

"अन् हे बी पयलंच हाये," झुंबरबाई म्हणाल्या. "अन् हे बी दुसरं."

होतं खरं. पहिली दोन, दुसरी दोन, तिसरी दोन, अशी सेहेचाळीसपर्यंत. दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या जुड्यांवर एकपासूनच आकडे घातले असतील, हे दोघींच्या डोक्यात कुठून येणार? अधिक महिन्यात मेहूण जेवू घालताना नवरा-बायको शेजारी शेजारी बसवायचे, हे मात्र दोघींना पक्कं ठाऊक.

"जोडपी हायेत," झुंबरबाईंनी निकाल दिला. "जवय जवय ठेव. फाराकती नोको करू."

सेहेचाळीस जोडपी जवळजवळ बसली, त्यामागे सत्तेचाळीसपासून एकशे ऐंशीपर्यंत एकेकटी. शेवटी एक कार्ड उरलं. त्याच्या उजव्या कडेला भोकच नव्हतं.

"हे सडं हाये. फेक."

"नाई बाई. कोनाचं तरी असनच." अन्नपूर्णाबाईंनी ते सगळ्यांच्या खाली ठेवलं आणि सुतळीला स्वतः गाठ मारली. उरलेली पाच गोपद्मं त्यांनी घाईघाईत पण मोजून काढली.

टांगा दारात आला तोच भांडणाच्या आवाजासकट.

"मधी ठेवली तं तुह्या जुडीचे आकडे माह्याच्यात घुसतीन बे!" शालिग्रामराव ओरडत होते.

"घुसतीन काऊन? तू नावं निरनिराळी ठेवली असतीन तं नाई घुसत!"

"अहो, ऐका ना," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "थे कार्डं..."

"घेतली, घेतली. बस लवकर."

अन्नपूर्णाबाईंचा आवाज मुळातच देवघराच्या बाहेर न जाणारा. टांग्यात त्यांनी दोनदा सांगून पाहिलं, जलंबच्या फलाटावर एकदा. अकोला गेलं तरी दोघं भांडतच होते. मूर्तिजापूरला निवृत्ती पाणी प्यायला थांबला, तेवढ्या फटीत त्या म्हणाल्या, "कार्डं सांडली होती. मी लावली. जोडपी जोडपी करून."

तीन महिन्यांत पहिल्यांदाच दोघांनी एकमतानं एकाच गोष्टीवर झडप घातली, जुडीवर.

शालिग्रामरावांनी गाठ सोडायला घेतली. ती सुटेना. शेवटी अन्नपूर्णाबाईंनीच सोडून दिली. निवृत्तीनं वरची कार्डं चाळली आणि बाकावर बसूनच राहिला.

"वहिनी, हे तं तुम्ही दोन पोथ्या पानाआड पान मिसळल्या."

अन्नपूर्णाबाईंचे डोळे भरले. "चुकलंच माह्यं. पन क्रम बराबर हाये. जोड्या तेवढ्या फोडायच्या. दोघांपैकी तुमचं कोनतं अन् यांचं कोनतं, एवढंच."

आणि खरा घोळ तिथेच होता. कार्डं एकाच कारखान्याची, भोकं एकाच यंत्रावर पाडलेली, आणि दोघं शिकले एकाच गुरूच्या हाताखाली. कोष्टक काढून भोकं वाचायची आणि मग ठरवायचं.

"हे माह्यं."

"तुह्यं कसं? इतकं नीट तू लिहीतच नाई."

"अन् हे?"

"छ्या! इतकं गचाळ माह्यं नसते. हे तुह्यं."

चांगल्या कार्डावर दोघांचा हक्क, वेंधळ्या कार्डाला बाप मिळेना. समोरच्या बाकावरचा एक म्हातारा शेतकरी बडनेऱ्यापासून हे पाहत होता. न राहवून म्हणाला, "वाटनी चालू हाये काय भाऊ? वावर किती हाये?" वर्धा येईस्तोवर पंचेचाळीस जोडपी फुटली. सेहेचाळिसाव्यासाठी निवृत्तीनं आईची शपथ घेतली.

मग ते सडं कार्ड. शालिग्रामरावांनी वाचलं. "परत जा. एवढंच हाये यावर. हे तुह्यं."

"माह्यं? पाव्हन्याले वाटेले लावाचं काम घरवाल्याचं असते. तुह्यं!"

"आलेल्या पाव्हन्यानं आपल्या पायानं वापस जावं. तुह्यं!"

"नंबर नाई, कोनाचं नाई. फेकून दे बे."

अन्नपूर्णाबाईंनी हात पुढे केला आणि कार्ड पदराखाली घेतलं.

नागपूरला यंत्राच्या खोलीबाहेर चपला काढायच्या होत्या. अन्नपूर्णाबाईंना ते बरं वाटलं. आत भर दिवसा गारवा, देवळाच्या गाभाऱ्यात असतो तसा. भिंतीएवढी कपाटं, त्यांवर बारीक दिवे, आणि कुठून येतोय ते न कळणारा एकसुरी आवाज. यंत्रावर देखरेख करणारे शंकरराव पांढऱ्या कोटात उभे होते. त्यांच्यापेक्षा त्यांचं घड्याळच जास्त बोलत असावं. अन्नपूर्णाबाईंनी कुणाला दिसणार नाही असे हात जोडले. माणसाच्या पोटी जन्मलेल्या कुणी तरी हे केलं, या विचारानंच त्यांचा जीव भरून आला.

निवृत्तीच्या हट्टानं लहान जुडी मोठीच्या मधे बसली, आणि सगळी मिळून यंत्राच्या तोंडात गेली. अकरा कार्डं खर्रकन गिळली आणि यंत्र थांबलं. शंकररावांनी कार्ड ओढून काढलं, बोटाला लागलेलं पांढरं पाहिलं. "हे काय? पीठ?"

"रांगोळी," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

शंकररावांना सतरा वर्षांच्या नोकरीत प्रथमच यंत्रातून रांगोळी काढावी लागली. ब्रश आणून त्यांनी झाडझूड केली. "दहा मिनिटं गेली."

पुन्हा जुडी आत गेली. या वेळी सगळी कार्डं पटपट गिळली गेली, दिवे धावू लागले. मग दोन दिवे एकाच जागी लुकलुकत राहिले, राहिलेच.

"आता काय करून राह्यला तो?" अन्नपूर्णाबाईंनी हळूच विचारलं.

"माह्या जुडीत गेला वहिनी. नशिबाचा भाग काढून राह्यला."

चार मिनिटं झाली. सहा झाली. शंकरराव म्हणाले, "काम झालेलं आहे. पण हा बाहेर येत नाही. तेच तेच पुन्हा काढतो आहे."

"मी म्हनलं होतं ना, मधी नोको ठेवू!" शालिग्रामराव म्हणाले.

"मधी ठेवल्यानं नाई, तुलेच बोलावता येत नाई!"

"पोथी वाचताना," अन्नपूर्णाबाई मध्येच म्हणाल्या. आवाज तेवढाच हळू, पण दोघं थांबले. "पोथी वाचताना मधी आरती येते. आपून ओळीवर बोट ठेवतो, आरती म्हनतो, अन् मंग बोट असते तिथंच येतो. आरतीच्या शेवटी कोनी सांगतलं नाई का आता पोथीकडे वापस जा, तं मानूस आरतीच म्हनत राहीन." पदराखालून त्यांनी कार्ड काढलं. "हे याच्या पोटातल्या जुडीच्या शेवटी बसते. कोनाचं का असंना."

निवृत्तीनं शालिग्रामरावांकडे पाहिलं. शालिग्रामरावांनी छताकडे. शंकररावांनी यंत्र थांबवलं, कुणाकडेच न पाहता कार्ड घेऊन निवृत्तीच्या सेहेचाळिसाव्या कार्डामागे सरकवलं आणि जुडी पुन्हा आत घातली. "आठ मिनिटं उरली."

आणि मग दिवे धावले, थबकले, आत गेले, परत आले. पुन्हा गेले, पुन्हा परत. दर वेळी जिथून निघाले तिथेच, एक बोट न चुकता. कोपऱ्यातलं छापायचं यंत्र एकदम खडखडलं आणि कागद सरसर बाहेर आला. आठ माणसांचे तीन महिने साडेतीन मिनिटांत जमिनीवर येऊन पडले. अन्नपूर्णाबाई कागदाकडे पाहत राहिल्या. शेतातलं एकेक बोंड कुणी तरी मोजलं, कुणी लिहिलं, कुणी भोकं पाडली, आणि त्या सगळ्यांचं ऐकून घेणारं असं कुणी तरी इथे होतं.

शालिग्रामरावांनी साहेबांनी दिलेला हातमोडीचा, म्हणजे आठ जणांनी हातानं काढलेल्या आकड्यांचा कागद शेजारी धरला. पहिला वाण, बरोबर. दुसरा, बरोबर. निवृत्ती आनंदानं त्यांचा खांदा दाबू लागला. तेरावा, बरोबर.

चौदावा जुळला नाही. कागदावर सहा पूर्णांक बेचाळीस, यंत्रात सहा पूर्णांक चोवीस.

शालिग्रामराव भिंतीला टेकले. "संपलं. एक जरी आकडा वेगळा आला तं दांडा. साहेबानं सांगतलंच हाये."

"थांब बे." निवृत्तीनं पेन्सिल काढली आणि फरशीवरच बसून चौदावा वाण हातानं सोडवायला घेतला. दोनदा सोडवला. मग वर पाहिलं. "यंत्र बराबर हाये. हातमोडीतच कोनी तरी आकडे उलटे टाकले. तुमच्या आठांतला कोन हाये हा?"

"मी म्हनत नव्हतो का, मानसं चुकतात!" शालिग्रामरावांच्या अंगात पुन्हा बळ आलं. "दाखव इकडं. याचं नाव सांगून टाकतो साहेबाले."

निवृत्तीनं कागद त्यांच्यापुढे धरला. चौदाव्या वाणाची ओळ, त्या ओळीतला दोनाचा आकडा, त्याला काढलेली लांब शेपटी. तशी शेपटी कचेरीत एकच माणूस काढत असे. दोन वर्षांपूर्वी नागपूरला शिकायला जाण्याच्या आदल्या आठवड्यात, दांड्यावर बसून, मन थाऱ्यावर नसताना.

शालिग्रामरावांनी कागदाची घडी केली. उलगडली. पुन्हा केली. "आता साहेबापुढं कोनतं तोंड घेऊन जाऊ? यंत्र खरं म्हनलं तं मी खोटा. मी खरा म्हनलं तं यंत्र गेलं."

शंकरराव घड्याळ बघायचं विसरले होते. निवृत्तीला हसू आवरत नव्हतं, पण मित्राचं तोंड पाहून तो कागद गुंडाळू लागला.

अन्नपूर्णाबाई नवऱ्याजवळ गेल्या आणि नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाल्या, "यात घाबराचं काय हाये? साहेबाले खरं तेच सांगा. म्हना, मी या हापिसात हावो तोवर यंत्राबिगर भागनार नाई."